उंच मालट्रकच्या इंजिनापर्यंत सुरक्षित कसे पोहोचावे?

(पुणे येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मासिकात आणि मेळाव्यांत बियाणे, खते, फवारणी, ठिबक या विषयांवर नेहमीच बोलले जाते. आज मी तुमच्या मालट्रकविषयी बोलणार आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पुरंदर, बारामती या भागांतून दररोज रात्री शेकडो गाड्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघतात. पूर्वी माल भाड्याच्या गाडीतून जात असे. आता अनेक गावांत चार-पाच शेतकरी मिळून स्वतःची गाडी घेतात, नाहीतर घरातला मुलगाच गाडीचा धंदा करतो. गाडी घरची झाली की तिची किरकोळ दुरुस्तीही घरीच होऊ लागते. बेल्ट आवळणे, पाणी बघणे, ऑइल बदलणे, फिल्टर काढणे ही कामे करण्यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच आहे की ट्रकचे इंजिन उंचावर असते आणि तिथे पोहोचायचे कसे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

एक घडलेली गोष्ट सांगतो. पुरंदर तालुक्यातले माझ्या ओळखीचे एक बागायतदार सीताफळाचा माल घेऊन पहाटे मार्केट यार्डात आले. पावसाचे दिवस होते. गेटजवळ येईपर्यंत पाण्याचा काटा लाल खुणेवर गेला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पायात रबरी चप्पल होती तसेच ओल्या बंपरवर चढले, बॅटरी तोंडात धरली आणि एका हाताने बॉनेट उचलले. दुसऱ्या हाताने ते नळीची क्लिप चाचपू लागले. हात गरम नळीला लागला, त्यांनी झटक्यात मागे घेतला आणि तोल गेला. पडले ते डांबरी रस्त्यावर, कमरेवर. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, चार महिने अंथरूण. सीताफळ तर थांबणारे फळ नव्हे. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते. त्या दिवशीचा माल दुसऱ्यांनी मिळेल त्या भावाने विकला आणि पुढचा बहार बघायला घरात माणूस उरला नाही. सैल झाली होती ती नळीची एक साधी क्लिप. ती आवळायला पाच मिनिटे लागली असती.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की त्या गृहस्थांना इंजिनाचे काम चांगले येत होते. बिघाड त्यांनी बरोबर ओळखला होता. चुकले ते फक्त उभे राहण्याची जागा निवडण्यात.

पडणे किती जोराचे असते?

आपण म्हणतो, "चार-पाच फूट तर उंची, काय होणार आहे?" जरा हिशेब करू. दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फुटांवरून माणूस खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर झालेला असतो. दोन मीटरवरून पडल्यास तो ताशी २२ किलोमीटरच्या वर जातो. भरधाव सायकलवरून थेट भिंतीवर आदळावे तसा हा मार आहे. अर्ध्या सेकंदात माणूस हात पुढे करतो, तेव्हा मनगट मोडते. तेवढेही जमले नाही तर डोके किंवा कंबर आपटते. खाली मऊ माती नसते. डांबर, काँक्रीट, जॅक किंवा पान्ह्यांची पेटी असते.

इंजिन नेमके कोठे असते?

पुण्याचा आणि मालगाडीचा संबंध जुना आहे. १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी सुरू झाली आणि पुढे आकुर्डीला तिचा कारखाना आला. तीनचाकी टेम्पो एवढा घरचा झाला की आजही आपण कोणत्याही लहान मालगाडीला टेम्पोच म्हणतो. १९६६ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात पाय रोवला. १९८६ मध्ये ४०७ आणि २००५ मध्ये आपला 'छोटा हत्ती' आला. या प्रत्येक पिढीत इंजिनाची जागा आणि तिथे पोहोचण्याची रीत बदलत गेली. म्हणून आपली गाडी पुढीलपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे प्रथम ओळखावे.

१) नाकाची गाडी : पुढे बॉनेट असलेला जुना ट्रक. इंजिन बॉनेटखाली असते. तिथे पुढून किंवा बाजूने, बंपर व मडगार्डच्या उंचीवर जाऊन काम करावे लागते.

२) सपाट तोंडाची, न झुकणाऱ्या केबिनची गाडी : इंजिन केबिनमध्ये, चालक आणि क्लीनर यांच्या मध्ये झाकणाखाली असते. वरचे काम केबिनमध्ये बसून होते, खालचे काम गाडीखालून.

३) टिल्ट केबिनची गाडी : अलीकडचे बहुतेक मोठे ट्रक या प्रकारचे आहेत. अख्खी केबिन पुढे झुकते आणि इंजिन उघडे पडते. सोय मोठी आहे, पण धोकाही तितकाच मोठा. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगतो.

४) लहान मालगाडी : इंजिन आसनाखाली असते. आसन उचलले की काम होते. येथे पडण्याचे भय नाही, परंतु भाजण्याचे आहे.

चढण्यापूर्वी करावयाची तयारी

इंजिनाला हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१) गाडी सपाट व टणक जागेवर उभी करावी. उतारावर, ओल्या मातीवर किंवा शेणखताच्या ढिगाशेजारी उभी करू नये.

२) हँडब्रेक पूर्ण ओढावा. चाकांना पुढून व मागून लाकडी गुटके लावावेत. दगड लावणे टाळावे. गोल दगड चाकाखालून निसटतो आणि काम झाल्यावर तो रस्त्यावर तसाच राहतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्याने जातो.

३) इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. हा नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा. वडील पंख्याच्या बेल्टवर हात ठेवून उभे आहेत आणि मुलगा "मारून बघू का?" म्हणत किल्ली फिरवतो, असे प्रसंग घडतात.

४) इंजिन थंड होऊ द्यावे. घाट चढून आलेल्या गाडीला किमान पाऊण तास तरी द्यावा.

५) विजेच्या तारांजवळ काम असेल तर बॅटरीची ऋण तार, म्हणजे वजा खुणेची, आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. त्यावर पान्हा आडवा पडला तर ठिणगी उडते, पान्हा तापून लाल होतो आणि हातातली अंगठी तापली तर बोट भाजते.

६) कपडे आटोपशीर असावेत. धोतराचा सोगा, लुंगी, उपरणे, गळ्यातला मफलर, ओढणी, साडीचा पदर हे सर्व आवरून घ्यावे किंवा काढून ठेवावे. अंगठी, घड्याळ, कडे, बांगड्या काढाव्यात.

७) पायात तळ घट्ट असलेले बूट असावेत. तळाला ऑइल लागले असेल तर ते राखेने किंवा मातीने घासून पुसावे. रबरी चप्पल, विशेषतः झिजलेली, घालून चढू नये.

८) उजेडाची सोय करावी. डोक्याला बांधायची बॅटरी आता बाजारात सहज मिळते. तोंडात बॅटरी धरली की मान वळत नाही, ओरडून मदतही मागता येत नाही. घरातील २३० व्होल्टची वायर ओढून लोखंडी गाडीवर उघडा दिवा टांगू नये.

चढताना आणि उतरताना : तीन आधारांचा नियम

 एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवावा. बाकीचे तीन घट्ट असावेत. गाडीवर चढताना हा नियम पाळावा. दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार कायम गाडीला हवेत. एक सुटला तरी दोन शिल्लक राहतात.

याचा सरळ अर्थ असा की चढताना हातात काहीही घ्यायचे नाही. पान्हे, ऑइलचा डबा, फिल्टर खालून दुसऱ्याने द्यावे किंवा दोरीला बादली बांधून वर ओढावे. खिशात पाना खोचून चढू नये. पडताना तोच बरगडीत घुसतो.

हात कशाला धरतो आहोत हेही पाहावे. केबिनची दांडी व पायदान धरण्यासाठीच बनवलेले असते. आरसा, वायपर, दिव्याची जाळी, बॉनेटची कड, दार ही धरण्याची ठिकाणे नव्हेत. दार तर आपल्या वजनाने फिरते आणि माणसाला घेऊनच बाहेर येते.

टायरवर उभे राहून काम करण्याची सवय सर्रास दिसते. टायरचा माथा गोल असतो, त्यावर चिखल असतो आणि पाय अर्धाच टेकतो. बंपर हा टक्कर सोसण्यासाठी असतो. त्यावर पाय ठेवायला खडबडीत पट्टी नसेल तर तो पायरी म्हणून वापरू नये. ऑइलचे रिकामे बॅरल, टोमॅटोचे क्रेट, एकावर एक रचलेल्या विटा यांवर तर मुळीच उभे राहू नये. क्रेट टोमॅटोचे ओझे सोसते, कारण ते ओझे हलत नाही. पान्ह्याला जोर लावणारा माणूस स्थिर नसतो.

उतरताना गाडीकडे तोंड करून, चढलो तसेच एकेक पायरी उतरावे. उडी मारू नये. खाली सांडलेले ऑइल, खड्डा किंवा पान्हा अंधारात दिसत नाही. रोज दहा वेळा केबिनमधून उडी मारणाऱ्या चालकाचे गुडघे आणि कंबर काही वर्षांत बोलू लागतात.

आणखी एक गोष्ट पान्ह्याची. अडकलेला नट सोडवताना पान्हा शक्यतो आपल्याकडे ओढावा, तोही एका हाताने गाडी धरून. पान्हा पुढे रेटला आणि नट एकदम सुटला, तर सगळा भार पुढे जातो. बोटे रेडिएटरवर आपटतात आणि पाय निसटतो. नट फारच अडकला असेल तर त्यावर ऑइल सोडून थोडा वेळ थांबावे. जोर लावण्याची वेळ आली की बंपरवरून खाली उतरावे आणि नीट उभे राहूनच जोर लावावा.

गावात बनवता येणारी घोडी

घराला रंग देणाऱ्यांची घोडी तुम्ही पाहिली आहे. तशीच एक मजबूत घोडी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावी. ती एकदाच करायची असते आणि ट्रकबरोबरच ट्रॅक्टर, मळणी यंत्र, पाण्याची टाकी यांच्या कामालाही येते. साधारण मापे पुढीलप्रमाणे ठेवावीत.

- उभे राहण्याची फळी ७५ सेंटीमीटर (अडीच फूट) उंचीवर, १२० सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर रुंद.
- चढायला मध्ये दोन पायऱ्या, म्हणजे प्रत्येक टप्पा २५ सेंटीमीटरचा होतो. जिन्याच्या पायरीपेक्षा हा टप्पा थोडा जास्त आहे, पण सहज चढता येतो.
- सांगाडा ४० मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचा. पाय खाली बाहेरच्या बाजूस पसरलेले असावेत. वरच्या फळीपेक्षा खालचा पाया दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटीमीटर अधिक रुंद ठेवावा.
- फळीवर खडबडीत नक्षीचा पत्रा. गुळगुळीत पत्रा असेल तर त्यावर वेल्डिंगच्या रेघा मारून घ्याव्यात.
- मागील बाजूस व दोन्ही टोकांना एक मीटर उंचीचा कठडा. गाडीकडील बाजू मोकळी.
- पायांना जुन्या टायरचे तुकडे बोल्टने बसवावेत, म्हणजे घोडी फरशीवर सरकत नाही.

घोडी ठेवल्यावर प्रथम हाताने हलवून पाहावी. डुगडुगत असेल तर खाली खडा न सारता जागा बदलावी. एका वेळी एकच माणूस चढावा. हात पोहोचत नाही म्हणून कठड्याबाहेर झुकू नये. खाली उतरून घोडी सरकवायला एक मिनिट लागते. तेवढा आळस करू नये.

शिडी वापरावी लागलीच तर चारास एक हे प्रमाण लक्षात ठेवावे. शिडी जिथे टेकते ती उंची चार फूट असेल तर तिचा पाय एक फूट दूर असावा, आठ फूट असेल तर दोन फूट. त्याहून उभी लावली तर माणूस मागे पडतो, त्याहून आडवी लावली तर शिडी सरकते. शिडी वर-खाली जाण्यासाठी असते. दोन्ही हातांनी पान्हा चालवण्याचे काम तिच्यावरून करू नये. खाली एकाने ती धरून उभे राहावे.

टिल्ट केबिन : सर्वांत जास्त सावधगिरी येथे

झुकवलेली केबिन म्हणजे कित्येक क्विंटलचे वजन आपल्या डोक्यावर असते. ती पूर्ण झुकून अडकलेली असेल तरच सुरक्षित असते. अर्धवट अवस्थेत ती केव्हाही परत येऊ शकते. म्हणून क्रम चुकवू नये.

झुकवण्यापूर्वी : केबिनमधील सुटे सामान बाहेर काढावे. पाण्याचा कॅन, स्टोव्ह, जॅक, पितळी डबा, अंथरूण सर्व काही. केबिन झुकताच हे सामान पुढच्या काचेवर येऊन आदळते. गिअर न्यूट्रलमध्ये असावा, हँडब्रेक ओढलेला व चाकांना गुटके लावलेले असावेत. दोन्ही दारे नीट बंद करावीत. गाडीपुढे मोकळी जागा आहे का ते पाहावे. वरही पाहावे. गोठ्याचा पत्रा, झाडाची फांदी आणि मुख्य म्हणजे विजेची तार. पुढे मूल, जनावर किंवा माणूस उभा नाही याची खात्री करावी.

झुकवताना : पंपाची कळ झुकवण्याच्या बाजूला करावी, केबिनची खिटी सोडावी आणि दांड्याने पंप मारावा. पंप मारणाऱ्याने बाजूला उभे राहावे. ठराविक बिंदूनंतर केबिन स्वतःच्या वजनाने पुढे जाते. ती शेवटपर्यंत जाऊ द्यावी. मध्येच थांबवून "एवढे पुरे" म्हणू नये.

झुकवल्यावर : आधाराची दांडी बसवून तिची पिन घालावी. पंपातील ऑइलवर विश्वास ठेवून खाली जाऊ नये. रबरी सील जुने झाले की गळते आणि ते सांगून गळत नाही. दांडी हरवली असेल तर कंपनीचीच दुसरी आणावी. बांबू किंवा पहार लावून काम करू नये. पंपाजवळ ऑइलचा ओघळ दिसला तर केबिन न झुकवता आधी पंप दुरुस्त करून घ्यावा.

खाली आणताना : इंजिनावर राहिलेले पान्हे, चिंध्या उचलाव्यात. पान्हे मोजून घेण्याची सवय चांगली. दांडी काढावी, कळ उलट बाजूला करावी, पंप मारावा. केबिन बसल्यावर खिटी दोन्ही बाजूंनी पक्की बसली का ते हाताने पाहावे. खिटी न लागलेल्या केबिनला चालत्या गाडीत ब्रेक लागला तर केबिन पुढे येते. त्यानंतर चालकाच्या हाती काहीच राहत नाही.

गरम पाणी आणि डिझेलचा दाब

उघडे पाणी पुण्याच्या उंचीवर १०० अंशांच्या थोडे खालीच उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र आत दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी ११५ अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळते. माणूस त्या वेळी बंपरवर उभा असतो. म्हणजे भाजणे आणि पडणे दोन्ही एकदम. यासाठी वरची नळी हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. त्यानंतरही जाड ओले फडके ठेवून, तोंड बाजूला करून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. फुसफुस थांबली की मग काढावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो.

अलीकडच्या गाड्यांत डिझेल फार मोठ्या दाबाने फवारले जाते. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या भारत स्टेज सहाच्या आहेत. अशा इंजिनांत डिझेलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला दीड हजार किलोच्या पुढे जातो. तुमचा फवारणी पंप आठवा आणि त्याच्या कितीतरी पट दाब समजा. चालू इंजिनात डिझेलची गळती बोटाने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढी धार कातडीतून आत घुसते. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. नळ्यांचे नट मात्र स्वतः सोडू नयेत. ते काम जाणकार मिस्त्रीचे आहे. या गाड्यांचा सायलेन्सरही काजळी जाळताना फार तापतो. त्याच्याजवळ पालापाचोळा, कडबा, चिंध्या असू नयेत.

बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये. धुरातील विषारी वायूला वास नसतो. डोके जड होऊन चक्कर येते आणि उंचावरचा माणूस खाली येतो.

रस्त्यात बिघाड झाला तर

घरासमोरची दुरुस्ती आणि घाटातली दुरुस्ती यांत फरक आहे. दिवे घाट, खंबाटकी, कात्रज येथे गाडी तापणे नित्याचे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर अनेक भीषण अपघात झाले आहेत. त्यांत उतारावर ब्रेक न लागलेल्या मालगाड्या होत्या. अशा ठिकाणी गाडीपुढे चढून बॉनेट उघडणे म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ब्रेकवर आपला जीव टांगणे होय. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवयही सोडावी. इंजिनाची रोक गेली की ब्रेक तापतात आणि धरत नाहीत.

गाडी थोडीफार चालत असेल तर रुंद, सपाट जागेपर्यंत न्यावी. चारही दिवे लुकलुकते ठेवावेत. परावर्तक त्रिकोण शंभर पावले मागे ठेवावा, वळण असल्यास वळणाच्याही आधी. माणसांनी रस्त्याच्या कडेच्या बाजूने चढावे-उतरावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. अंधारात, पावसात आणि उतारावर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर दुरुस्ती करूच नये. गाडी ओढून न्यावी. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत किंवा मार्केट यार्डाच्या आसपास मिस्त्री मिळतो. माल दुसऱ्या गाडीत भरून पुढे पाठवता येतो. एका दिवसाचा भाव पडला तर पुढच्या तोड्यात भरून निघतो.

अपघात झालाच तर

- पडलेल्या माणसाला हातापायाला धरून उचलू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर जागेवरच स्थिर ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
- भाजल्यास साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद लावू नये. फोड फोडू नयेत.
- बॅटरीचे आम्ल डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.
- डिझेलची धार कातडीत घुसली असेल तर जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते व सुरुवातीला दुखतही नाही. तरीही त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जावे आणि काय झाले ते स्पष्ट सांगावे. एक रात्र थांबल्याने बोट गमावावे लागू शकते.

राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास शेतकरी कुटुंबाला तिच्यातून मदत मिळते. तिची माहिती तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळेल. परंतु कोणतेही अनुदान मोडलेला खुबा पहिल्यासारखा करून देत नाही.

शेवटी

बंधूंनो, ज्यांची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली ते बागायतदार आज काठी घेऊन चालतात. बाग मुलगा बघतो. त्यांच्या अंगणात आता एक लोखंडी घोडी आहे आणि गाडीजवळ गेलेल्या प्रत्येकाला ते आधी विचारतात, "किल्ली कोणाच्या खिशात आहे?" घरातली मुले हसतात, पण किल्ली खिशात ठेवतात.

आपणही घरी गेल्यावर एवढेच करावे. गाडीच्या चारही बाजूंनी एकदा फिरावे, इंजिनापर्यंत जाताना आपला पाय कुठे टेकतो आणि हात काय धरतो ते पाहावे. लाकडी गुटक्यांची एक जोडी आजच करून गाडीत टाकावी. या हंगामात माल विकून हातात पैसे आले की पहिल्या आठवड्यात घोडी करून घ्यावी. आणि जो मुलगा किंवा क्लीनर गाडीला हात लावतो, त्याला तीन आधारांचा नियम स्वतः चढून दाखवावा. नुसते सांगितलेले विसरले जाते, हाताने केलेले लक्षात राहते.